थ्रॉटल सोडलास तर

आधी सीट उचल, नेस्टर.
चावी नंतर.
वाकून वास घे,
बाजारात कल्ला उघडून घेतोस तसा.
पेट्रोल आलं नाकात तर हात मागे,
सीट उघडीच ठेव, वारा जाऊ दे आत,
आणि कानावरची ती विडी माझ्याकडे दे.
तुझ्या आईला सांगणार नाही.
आज तरी.

मागची दोन बुचं.
बोटाने फिरवून बघ, डोळ्यांवर भरवसा नको.
गेल्या नाताळात बुचाशिवाय एक मशीन उतरवलं आपण,
मार्वेच्या खाडीने ते
बशीतल्या चहासारखं ओढून घेतलं.
चौघांनी बाहेर काढलं.
मालक काही बोलला नाही.
पगारातून बोलला.

ही लाल दोरी.
एक टोक बटणाला, एक तुझ्या मनगटाला.
हँडलला गुंडाळायची नाही.
तू पडलास की ती सुटते,
ती सुटली की इंजिन मरतं, तिथेच, तुझ्याजवळ.
नाही बांधलीस, तर मशीन तुझ्यावाचून मनोरीकडे निघेल,
आणि मध्ये फेरीबोट असते,
बोटीत टोपल्या घेऊन बायका.

जॅकेटचे तिन्ही पट्टे.
गिऱ्हाईक म्हणेल, फोटोत पोट दिसतं.
दिसू दे.

आता पुढचं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही,
हनुवटीवर वाचलंय.
हे बघ, दाढी उगवत नाही ना, तिथे.

याला सुकाणू नाही. ब्रेक नाही.
मागून पाणी फेकतं, तेवढंच त्याचं वळण.
फेकणं थांबलं की हँडल म्हणजे
जत्रेतल्या लाकडी मोटारीचं चाक,
फिरव किती फिरवायचं ते.

समोर डोल जाळ्याचा खुंट होता.
मी घाबरलो,
आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं,
बोटं उघडली.
हँडल पूर्ण उजवीकडे,
मी पूर्ण उजवीकडे,
मशीन सरळ.

खुंट हिराजी तांडेलांचा.
शुद्धीवर आलो तेव्हा होडी घेऊन तेच आलेले.
आधी जाळं तपासलं त्यांनी, मग मला.
मला राग आला होता तेव्हा.
आता येत नाही.

म्हणून, भीती वाटली की बोट दाब.
थोडंच. आणि वळ.
हे डोक्याला कळतं रे,
बोटांना अजून कळत नाही.
रोज सकाळी, माणसं यायच्या आत,
मी त्या पिवळ्या ड्रमवर मशीन घालतो,
दहादा घाबरतो,
दहादा दाबतो.
धक्क्यावरची पोरं हसतात. हसू देत.

संध्याकाळी पाइप लावशील तेव्हा
आधी इंजिन, मग पाणी.
बंद करताना आधी पाणी, मग इंजिन.
उलटं केलंस की पाणी आत चढतं.
पहिल्या वर्षी हे मी कोळशाने भिंतीवर लिहिलं होतं.
भिंत पाडली, तोवर पाठ झालं होतं.
मिठाला घाई नसते,
रात्रभर बसतं ते बोल्टांपाशी.

आणि खालच्या जाळीत हात घालायचा
तो इंजिन मेल्यावर, दोरी खिशात घेऊन.
काल निघाली दुधाची अर्धी पिशवी,
गणपतीच्या हाराची जर,
गुटख्याच्या पुड्यांची माळ, अख्खी, न तोडलेली,
आणि एका लहान मुलाची चप्पल.
ती मी कट्ट्यावर ठेवलीय.
कुणी न्यायला येणार नाही, माहीत आहे.

चल. ओहोटी लागायला अजून तास आहे.
जाळ्यांच्या फ्लोटच्या आत यायचं नाही,
पोहणाऱ्यांच्या जवळून नाही,
पुलाखालून तर नाहीच.
पाच मिनिटं.
मी इथेच आहे, शिट्टी तोंडात.

थांब.
हात वर कर.
डावा.
अजून वर,
मला लाल दिसू दे.